चौदा नंबर : मानव दोन, मांजर एक

जंगलात कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधतात, कारण बिबट साधारण तेवढाच उंच असतो. घरात किती उंचीवर बांधायचा याबद्दल संस्थेच्या छापील सूचनांत काहीच नव्हतं. वीरेंद्रनं मग आपल्या अकलेनं तो फळीवर, पिठाच्या डब्यामागे ठेवला. पुढे जे झालं त्याचा दोष अपुऱ्या सूचनांवर टाकायला तो आजही तयार आहे.

वीरेंद्र चिचगडचा. दोन एकर धान, आणि वर्षातले सहा महिने बाहेरगावच्या एका संस्थेच्या सर्वेक्षणाचं काम. चोवीस ठिकाणी झाडांना कॅमेरे बांधलेले. समोरून गरम अंगाचं काही गेलं की कॅमेरा आपणहून फोटो काढतो, आणि रात्री काढतो तेव्हा उजेडसुद्धा पडत नाही. दर दहा दिवसांनी वीरेंद्र आणि त्याचा जोडीदार मनिराम फिरून जुनी कार्डं काढतात, नवी घालतात, जुनी नंबर लिहिलेल्या पाकिटांत भरून एका थैलीतून देवरीच्या ऑफिसला पाठवतात. या कामात सात वर्षं गेल्यावर वीरेंद्रची एक समजूत पक्की झाली होती. माणूस सांगतो ते ऐकून घ्यायचं, धरायचं नाही. चौघं जण देवाशपथ वाघ पाहिल्याचं सांगतात आणि कार्डात निघतं रानडुक्कर. फोटोत असेल तर आहे, नसेल तर नाही.

ही समजूत जंगलात फार कामाची आहे. ती तो घरी घेऊन आला.

सुरुवात मनिरामनं केली. त्यानं मोबाईलवर एक लेख पाठवला. नवरा-बायको कसे झोपतात त्यावरून त्यांचं नातं कसं ओळखावं, असा विषय होता आणि समजायला सोपं जावं म्हणून नऊ चित्रं होती. नऊही चित्रांत माणसं दोनच होती, पलंग ऐसपैस होता आणि पांघरुणाला सुरकुती नव्हती. खोलीत धानाची पोती नव्हती, कोणाची म्हातारी आई खोकत नव्हती. अशा परिस्थितीत कोणाचंही नातं ओळखता येईल, असं वीरेंद्रला वाटलं. तरी त्यानं लेख वाचला. मग पुन्हा वाचला.

"वाचला का गा?" दुसऱ्या दिवशी मनिरामनं विचारलं. "मी एक नंबरात येतो."

एक नंबरच्या चित्रात दोघं समोरासमोर तोंड करून, हातात हात घेऊन झोपले होते.

"तू त छपरीत निजतं," वीरेंद्र म्हणाला. "वहिनी अंदर निजते."

"लेखात छपरी नाई," मनिराम म्हणाला. "म्हनून एक नंबर घेतला. तुहा कोनता?"

वीरेंद्रचा सात नंबर होता. सात नंबरच्या चित्रात दोघं पलंगाच्या दोन कडांना, एकमेकांकडे पाठ करून, मध्ये तिसरं माणूस मावेल एवढी जागा सोडून झोपले होते. खाली लिहिलं होतं, 'असे जोडपे मनाने केव्हाच वेगळे झालेले असते. प्रत्यक्ष वेगळे होणे ही केवळ औपचारिकता.'

वीरेंद्रच्या घरी पलंग नव्हता. दोन खाटा एकमेकींना लावून पाय नायलॉनच्या दोरीनं बांधलेले होते. कितीही आवळून बांधल्या तरी मध्ये फट राहायचीच, म्हणून तिच्यावर चौघडी करून एक गोधडी टाकलेली असे. त्या गोधडीवर रेणू झोपायची, त्यांची एकुलती एक मुलगी. एक हात आईच्या अंगावर, एक पाय बापाच्या पोटात. जुलैत रेणूला सहावीला गोंदियाच्या शाळेत घातलं, आणि ती गोंदियाजवळच्या मुर्रीला मामाकडे राहायला गेली. गोधडी जागेवरच राहिली. तिच्या एका अंगाला भिंतीकडे तोंड करून रुख्मा, दुसऱ्या अंगाला दाराकडे तोंड करून वीरेंद्र. पाच महिने ते तसेच झोपत होते, आणि लेख येईपर्यंत या झोपण्याला नंबर आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

लेख आला त्याच आठवड्यात रविवारी मुर्रीहून घनश्यामचा फोन आला. घनश्याम हा रुख्माचा धाकटा भाऊ, त्याची तिथे पिठाची चक्की आहे. रुख्माच्या मोबाईलमध्ये कानाला लावून ऐकू येत नाही, सगळं मोठ्यानं लावावं लागतं. त्यामुळे अंगणात गाडीची साखळी पुसत बसलेल्या वीरेंद्रला न ऐकण्याची सोय नव्हती.

"पोरगी रातभर निजत नाई, बाई," घनश्याम बहिणीला सांगत होता. "भिंतीले पाठ लावून बसून राहते. दिवसा शाळेत पेंगते. तू येऊन राय ना इथी. मांगची खोली रिकामीच आहे. चक्कीवर बसाले मले कोनी पायजेच आहे."

"आन् घर?"

"घराले का पाय आहेत? रविवारपर्यंत सांग. नाई त मी किरायानं देऊन टाकतो खोली."

"सांगतो," रुख्मा म्हणाली.

तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'सांगतो', 'जातो' असंच बोलतात. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. वीरेंद्रला वाटलं, जेवताना बोलेल. जेवताना तिनं विचारलं, "मीठ कमी आहे का जी?" तो नाही म्हणाला. मीठ कमी होतं.

तो स्वतः विचारू शकत होता, असं कोणी म्हणेल. पण त्या घरात विचारण्याची रीत वेगळी होती. वीरेंद्रचा बाप त्याच्या आईला 'माहेरी जातं का?' असं विचारायचा, आणि आई उघडलेली पेटी बंद करायची. विचारणं म्हणजे अडवणं, हे रुख्मालाही लग्नानंतर महिनाभरात कळलं होतं. वीरेंद्रनं विचारलं असतं तर ती नक्की थांबली असती, आणि तिला जायचं होतं की नाही हे त्याला जन्मभर कळलं नसतं. तिला जायचंच असेल, मन केव्हाच गेलं असेल आणि उरली असेल फक्त औपचारिकता, तर आपण अडवणारे कोण, असं त्याला दिवसा वाटायचं. रात्री वाटायचं, ती गेली तर आपण मरू. दोन्ही एकाच माणसाला वाटत असल्यामुळे त्याला झोप येईना.

तेव्हा त्याला चौदा नंबर आठवला.

चौदा नंबरचा कॅमेरा अस्वलानं उपटला होता. दुरुस्त होऊन आला होता, आणि जंगलात परत बांधण्याआधी तीन रात्री घरी चालवून पाहायचा, असा नियमच होता. घरी म्हणजे परसात, हे उघड होतं. पण नियमात परस हा शब्द नव्हता. जागेपणी माणूस ठरवून वागतो, झोपेत नाही. रुख्मा झोपेत कुठे वळते, भिंतीकडे की गोधडीकडे, एवढंच त्याला पाहायचं होतं. रविवारच्या आत. त्यानं सोमवारी संध्याकाळी पिठाचा डबा चार बोटं पुढे ओढला, मागे, भिंग डब्याच्या कडेनं बाहेर डोकावेल असा कॅमेरा ठेवला, आणि हालचाल झाली की लगेच, नाही झाली तरी दर पाच मिनिटांनी एक फोटो निघेल असं बटण लावलं.

पहिल्या रात्री एक अडचण लक्षात आली. कॅमेऱ्यापुढे रानडुक्करसुद्धा आपली चाल बदलत नाही. वीरेंद्रची बदलली. तो उताणा, दोन्ही हात अंगालगत, पंचनाम्याला ठेवल्यासारखा पडून राहिला. घोरणं कसं दिसेल या विचारानं त्यानं घोरणं टाळलं, आणि घोरणं टाळायचा एकच उपाय असतो तो त्यानं केला. तो जागा राहिला. मध्यरात्री शेजारची मांजर खिडकीतून आली, चुलीपाशी फिरून परत गेली. कॅमेरा चालतो याची खात्री झाली.

दुसऱ्या रात्री थकून मध्यरात्रीच त्याचा डोळा लागला. सकाळी चहा देताना रुख्मा म्हणाली, "पिठाचा डबा कोनं सरकवला?"

"मांजरीनं असन."

"भरलेला डबा?" रुख्मा म्हणाली. "मोठी ताकदीची मांजर आहे." आणि ती गोवऱ्या आणायला परसात निघून गेली.

तिसऱ्या रात्री तो दाराकडे तोंड करून कुशीवर झोपला, म्हणजे पडला. बऱ्याच वेळानं मागे खाटेची दोरी करकरली. गोधडीची खसखस झाली. मानेला काहीतरी ऊबदार लागलं, श्वासाएवढं. मांजर असेल. नसेलही. वळून पाहिलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण वळलो तर खाट हलेल, रुख्मा जागी होईल आणि सगळा पुरावा बिघडेल. मचाणावर बसताना पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. जनावर कितीही जवळ आलं तरी आपण हलायचं नाही. वीरेंद्र हलला नाही. बरीच रात्र उलटल्यावर दोरी पुन्हा करकरली आणि मानेला गार लागू लागलं. आपण काम चोख केलं, असं त्याला वाटलं. काय झालं असेल ते असो, कार्डात आलं.

गुरुवारी सकाळी त्यानं कार्ड काढलं, हरवू नये म्हणून चौदा नंबरच्या पाकिटात घातलं, पाकीट गाडीच्या डिकीत ठेवलं. दुपारी निवांत पाहू, असं ठरवून तो मनिरामबरोबर जंगलात फिरतीवर गेला. दुपारी डिकी उघडली तर पाकीट नव्हतं.

"चौदा नंबर राहूनच गेला होता ना गा थैलीत टाकाचा," मनिराम म्हणाला. "मी टाकला. थैली गेली पन देवरीले, बाराच्या बसनं." मग वीरेंद्रचं तोंड पाहून म्हणाला, "आभार नको मानू. काम आहे आपलं."

त्या रात्री वीरेंद्र कॅमेरा नसतानाही जागा राहिला. दोन गोष्टी त्याला छळत होत्या. एक, देवरीच्या ऑफिसात आपली बायको झोपलेली कोणीतरी मोठ्या पडद्यावर पाहणार. दुसरी, हे रुख्माला कळलं तर रविवारपर्यंत थांबायची गरजच राहणार नाही. आणि या दोन्हींच्या खाली एक तिसरी होती. ती कोणीकडे वळली ते अजून कळलेलं नव्हतं. शुक्रवारी उजाडताच तो पेट्रोल भरायच्या निमित्तानं देवरीला गेला. चिचगडलाही पेट्रोल मिळतं, पण रुख्मानं तसं म्हटलं नाही.

ऑफिसात नीतू होती. गोंदियाची मुलगी, एमएस्सी झालेली. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून फोटो पाहायचे आणि तक्त्यात भरायचे, हे तिचं काम. तासाला आठशे फोटो पाहते, अशी तिची ख्याती होती. वीरेंद्र दारातच उभा राहिला.

"भैया, चौदा नंबर कुठं लावला होता तुम्ही?" नीतूनं विचारलं. "मला वाटलं जंगलात कोणाची झोपडी आहे. मैंने तो लिख भी दिया."

तक्ता समोरच होता. ठिकाण : चौदा. प्रजाती : मानव. संख्या : दोन. वर्तन : विश्रांती. त्याखाली, प्रजाती : मांजर, पाळीव. संख्या : एक. आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'मानवी वावर जास्त. कॅमेरा दुसरीकडे हलवावा.'

"टेस्टिंग होतं," वीरेंद्र म्हणाला.

नीतूनं पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. मग दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक ट्रक मागे घेत होते. तो पूर्ण मागे जाईपर्यंत दोघांनी पाहिला.

"माणसांचे फोटो आम्ही मोजून डिलीट करतो," ती म्हणाली. "नियम है. कोणी बघत नाही. मी पण नंबर भरण्यापुरतेच पाहिले."

"मी एकदा पाहू का?"

"तुमचेच आहेत." तिनं खुर्ची सोडली, पण लगेच गेली नाही. "एक विचारू, भैया? बीच में कोई सोता था क्या?"

"कायले?"

"दोन मोठे जनावर मधात एवढी जागा सोडून बसलेले दिसले ना, तो हम पहले पिल्लू ढूंढते हैं. रोजची सवय. मैंने ज़ूम करके भी देखा." ती थोडी ओशाळली. "वहाँ सिर्फ कपड़ा है."

ती चहा सांगायला बाहेर गेली. लेख लिहिणाऱ्यानं नऊ चित्रं काढली, पण मधल्या जागेत कोण होतं हे एकदाही विचारलं नाही, असं वीरेंद्रच्या मनात आलं. मग त्यानं फोटो पुढे सरकवले.

पहिली रात्र म्हणजे तो स्वतः, उताणा, आणि पलीकडे रुख्माची पाठ. शंभराच्या वर फोटोंत फरक एवढाच की एका फोटोत मांजर होती. दुसऱ्या रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी अख्खा पडदा रुख्माच्या चेहऱ्यानं भरला. नाक मोठं, कपाळावर केस, डोळे दोन पांढऱ्या ठिपक्यांसारखे. ती कॅमेऱ्यात पाहत होती. पुढच्या फोटोत तिचा तळहात. त्याच्या पुढच्या फोटोत पिठाच्या डब्याची कड, होती तशीच, चार बोटं पुढे. तिनं तो जागेवर परत ठेवला होता.

म्हणजे तिला माहीत होतं. मोठी ताकदीची मांजर, असं म्हणाली तेव्हा माहीत होतं.

आणि तिसऱ्या रात्रीही माहीत होतं.

अकरा बावन्न : रुख्मा उठून बसली आहे, थेट कॅमेऱ्याकडे पाहते आहे. अकरा चौपन्न : ती मधल्या गोधडीवर येऊन आडवी झाली आहे, तोंड वीरेंद्रच्या पाठीकडे. अकरा अठ्ठावन्न : तिचा हात त्याच्या मानेपाशी, टेकवलेला नाही, नुसता जवळ. बारा वीस, तसाच. बारा पंचेचाळीस, तसाच. एक एकतीस : ती भिंतीकडे.

या सगळ्या फोटोंत पुढे वीरेंद्र होता, ओंडक्यासारखा. आणि तो कॅमेऱ्याच्या अंगाला तोंड करून असल्यामुळे आणखी एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. अकरा बावन्नपासून एक एकतीसपर्यंत प्रत्येक फोटोत त्याच्या तोंडावर दोन पांढरे ठिपके होते. डोळे उघडे होते.

नीतू चहा घेऊन आली. तिनं पडद्याकडे न पाहता विचारलं, "डिलीट करू?"

"इथले कर," वीरेंद्र म्हणाला. "कार्ड मले दे."

परत येताना त्यानं गाडी एवढी दामटली की दोनदा गुरांसाठी थांबावं लागलं तेव्हा गुरांनाच वाईट वाटलं असेल. रुख्मानं तिच्या परीनं विचारलं होतं. त्यानं तिला दीड तास उत्तर दिलं होतं, पाठीनं. आता फोटोत सगळं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शुक्रवार अर्धा संपला होता.

अंगणात रुख्मा तांदूळ पाखडत होती. बाजूला तिची लग्नातली लोखंडी पेटी झाकण उघडून उन्हात ठेवली होती. उघडी पेटी म्हणजे ऊन दाखवणंही असू शकतं. वीरेंद्रनं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"देवरीले गेल्ते?" रुख्मानं विचारलं.

"हो."

"मंग, आला रिझल?"

तो पायरीवर बसला. "तुले त दुसऱ्या रातीच समजलं."

"डबा पुढं आला त मले समजनार नाई? मी दिवसातून चारदा हात घालतो तथी. झोप येत नव्हती, म्हनलं डबा मांगं सरकवतो. त मांगं तुमचं यंत्र."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलले?" रुख्मानं सूप झटकलं. कोंडा त्याच्या पायांवर आला. "पंधरा वर्षं संसार केला मानसानं, आन् बायको कशी निजते हे पाहाले जंगलातला कॅमेरा आनला. रानडुकराले बी विचारून नाई बांधत तुमी, मले त का विचारान."

"मुर्रीले जातं का?" वीरेंद्र म्हणाला.

प्रश्न असा एकदम बाहेर पडला की त्यालाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला. सूप थांबलं. रुख्मानं पेटीकडे पाहिलं, पण बंद करायला उठली नाही.

"एवढं विचाराले आठवडा लागला?"

"विचारलं त तू रायशीन म्हनून नाई विचारलं."

हे ऐकून तिनं सूप खाली ठेवलं. तांदळातला एक खडा वेचला, तो नीट पाहिला आणि दूर फेकला.

"मी त्या राती मधात आलो," ती हळू म्हणाली. "फोटोत असन. म्हनलं, पाहूनच राहिले त चांगलं पाहून घ्या. मनात ठरवलं, हा मानूस पलटला त नाई जात. पोरीलेच इथी वापस आनू, शाळा इथी बी आहे. नाई पलटला त जातो." ती थांबली. "पन तुमी निजले होते. निजल्या मानसावर का रुसाचं? म्हनून ते धरलंच नाई मी. अजून काई ठरवलं नाई."

वीरेंद्रच्या खिशात कार्ड होतं. ते रुख्माला कुठे पाहता येणार नव्हतं, आणि देवरीचे फोटो पुसून झाले होते. तो झोपला होता असं ती स्वतःच म्हणत होती. त्यानं फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्याचा हात धरेल असा माणूस चिचगडात नव्हता.

"जागा होतो मी," तो म्हणाला.

"आँ?"

"त्या राती. जागा होतो."

"कवापासून?"

"अकरा बावन्नपासून."

रुख्मा त्याच्याकडे पाहत राहिली.

"आन् पलटले नाई."

"फोटो बिघडला असता."

तिच्या तोंडावर काय आलं ते वीरेंद्रला वाचता आलं नाही. दिवसाउजेडी, तीन हातांवरून, आणि तरी नाही. तिनं सूप उचललं. दोनदा पाखडलं. तिसऱ्यांदा पाखडताना म्हणाली, "मंग जातो मी मुर्रीले. पोरीसाठी त जावंच लागत होतं. आता तुमच्यासाठी बी जातो."

त्यानं पायांवरचा कोंडा झटकला.

"खोटं बोलले असते त रायलो असतो," ती म्हणाली. "हे बी सांगून ठेवतो."

"मले माहीत होतं."

"तेच म्हनून राहिलो." सूप पुन्हा चालू झालं. मग तिनं त्याच्याकडे न पाहता सांगितलं, "शनवारी शाळा सुटली का येतो. सोमवारच्या पहिल्या बसनं वापस. घरी आलो का मधात निजन. पलटाचं का नाई ते तुमचं तुमी पाहा. दोनदा नाई पाहनार मी. आन् ते यंत्र फळीवर दिसलं, त चुलीत टाकन."

"संस्थेचं आहे ते."

"संस्थेले सांगा, अस्वलानं नेलं."

रविवारी घनश्यामचा फोन आला. रुख्मानं 'येतो' एवढाच शब्द वापरला. सोमवारी ती पेटी घेऊन पहिल्या बसनं गेली, आणि त्याच दिवशी चौदा नंबरचा कॅमेरा जंगलात आपल्या झाडावर गेला. बांधताना वीरेंद्रनं तो दोनदा सोडून पुन्हा बांधला. उंची बरोबर होती. हाताला काम नव्हतं, एवढंच.

"आता तू कोनत्या नंबरात गा?" मनिरामनं विचारलं.

"लेखात नाई."

"पाह्य बरं," मनिराम म्हणाला. "छपरीसारखंच."

दोन खाटांवर आता एकटा माणूस होता. लेखात एकट्याचं चित्र नसल्यामुळे त्यानं कसं झोपावं याला मार्गदर्शन नव्हतं. पहिल्या रात्री सवयीनं तो आपल्या कडेला, दाराकडे तोंड करून पडला आणि पाठीमागे एवढी जागा रिकामी आहे या विचारानं ताठ झाला. दुसऱ्या रात्री त्यानं ठरवून तोंड गोधडीकडे केलं. पंधरा वर्षांत त्या कुशीवर तो कधी झोपलाच नव्हता. अर्ध्या तासात डावा हात बधिर झाला. हाताचं काय करायचं हा प्रश्न नऊ चित्रांतल्या कोणालाच पडलेला दिसत नव्हता. त्यांचे हात पांघरुणाबाहेर, ताजे, हसरे होते. बुधवारी त्यानं हात उशीखाली घालून पाहिला, गुरुवारी डोक्याखाली. शुक्रवारी तो त्या कुशीवर कसाबसा झोपलासुद्धा, पण उठला तो मान घेऊन. मान डावीकडे अजिबात वळेना. गरम मिठाचं फडकं बांधलं, काही झालं नाही.

शनिवारी तो बसच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन उभा राहिला. सारखा पानठेल्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. न आली तर? दोनदा नाही पाहणार म्हणाली होती, पण एकदा तरी पाहणार की नाही हे फोनवर विचारायचं राहिलं होतं. आठवडाभरात तिचे तीन फोन आले होते, तिन्ही धानाच्या पोत्यांवर उंदीर आहेत का एवढं विचारायला. गोंदियाची बस वळणावर दिसली तेव्हा त्यानं खिडक्या पाहायचा प्रयत्न केला, पण खिडक्या डावीकडे होत्या.

आधी रेणू उतरली, दप्तरासकट. मागून रुख्मा, हातात पिठाची पिशवी. घनश्यामच्या चक्कीचं पीठ. वीरेंद्रनं पोरीला पाहिलं आणि तो पिशवी घ्यायला विसरला. आठवडाभर त्यानं सगळा विचार केला होता, फक्त रेणू येईल हा केला नव्हता. रेणू आली म्हणजे गोधडी रेणूची. रुख्मा तिच्या जागी, भिंतीकडे. आपण दाराकडे. सगळं होतं तिथेच.

"निजते का आता रातची?" त्यानं रुख्माला विचारलं.

"पह्यल्याच दिवसापासून. मेल्यासारखी निजते." रुख्मानं पिशवी त्याच्याकडे दिली आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मान काऊन वाकडी जी?"

"सराव करून राहिलो."

रुख्मानं पदर तोंडाशी नेला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

"कायचा सराव, बाबा?" रेणूनं विचारलं. दोघांकडे एकदा पाहून ती पुढे चालू लागली, आणि पुढूनच ओरडून म्हणाली, "माय, मी भिंतीजवर निजन हं. मामाच्या घरी मले तशीच सवय झाली."

वीरेंद्र चालता चालता थांबला. रुख्मा त्याच्या डाव्या अंगाला होती. ती आता कोणीकडे पाहते आहे, हे त्याला पाहायचं होतं. मान वळत नव्हती. तेव्हा पिठाची पिशवी छातीशी धरून तो भर रस्त्यात अख्ख्या अंगानं तिच्याकडे वळला.